पुन्हा दाबलं की जातंय

"साहेब, पुन्हा दाबलं की जातंय. पण पहिल्यांदा का जात नाही, तेवढं सांगा."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून तात्यांचा हा फोन पहिल्यांदा आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. पुन्हा दाबल्यावर जातंय ना, मग अडलंय कुठं, असं मनात आलं. तोंडानं म्हटलं, "बघतो." हंगाम नुकता रंगात आला होता आणि 'बघतो' म्हणून टोलवलेल्या कामांनी आमची एक वही भरत आली होती.

महिनाभरात तात्यांचे असे सात-आठ फोन झाले. मग एका सकाळी थेट शेती अधिकाऱ्यांचा फोन आला, आणि त्यांच्या बोलण्यात 'साहेब' नव्हतं.

झालं होतं असं. पहाटे उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन काट्यावर चढला. तात्यांनी टोकन स्कॅन केलं. पडद्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, उसाची जात को ८६०३२ असं सगळं आलं. खाली पाच, चार, तीन असे आकडे उलटे पळाले. वजन पाच सेकंद स्थिर राहिलं की ते आपोआप नोंदलं जावं, अशी आम्हीच केलेली सोय. वजन होतं २४,७८० किलो. आकडा शून्यावर आला आणि हिरव्याऐवजी लाल पट्टी उमटली: नोंद झाली नाही, ५०२. तात्यांनी सवयीनं 'पुन्हा वजन घ्या' दाबलं. तेवढ्यात ड्रायव्हर तंबाखू मळत खाली उतरला होता. पावती निघाली २४,७१० ची. ऊस ज्याचा होता तो शेतकरी बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांकडं डोळे लावून उभा होता. त्यानं आधीचा आकडा वाचला होता.

सत्तर किलो कुठं गेले? ड्रायव्हरच्या अंगात, हे खरं उत्तर. पण गाडी खाली करून रिकामं वजन करताना ड्रायव्हर सीटवर बसलेलाच होता. म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यातून सत्तर किलो ऊस खरोखरच गेला होता, दरानं धरला तर दोनशेवर रुपये. आणि रुपयांपेक्षा शब्द मोठा. आमच्या जिल्ह्यात 'काटामारी' हा शब्द चहाच्या टपरीवर उच्चारला तरी चार माणसं गोळा होतात. दर हंगामात वैधमापनवाल्यांची भरारी पथकं काटे तपासत फिरतात, संघटना काट्यावर जाऊन बसतात. अशा ठिकाणी संगणक एकच गाडी दोन वेगळ्या वजनांची दाखवतो, ही तांत्रिक अडचण आहे असं कुणाला समजावून सांगणार?

कारखान्याचं नाव लिहीत नाही. काटा त्यांचा होता, पण दोष आमचा होता. तो सापडायला चार रात्री लागल्या.

*

आधी ५०२ म्हणजे काय ते सांगतो, कारण हा आकडा हल्ली रेल्वेचं तिकीट काढणाऱ्यापासून दहावीचा निकाल बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि 'सर्व्हर डाऊन' म्हणून सोडून दिलेला असतो.

तहसील कचेरीत आवक-जावकचं टेबल असतं. आपण अर्ज तिथं देतो. आत तो कुठल्या कारकुनाकडं जातो, तो कारकून कुठं बसतो, यंदा त्याची बदली झाली का, हे आपल्याला कळायचं कारण नाही. उत्तरही त्याच टेबलावरून मिळतं. संगणकात या टेबलाला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, आणि आत बसून खरं काम करणाऱ्याला बॅकएंड. ५०४ म्हणजे आवक-जावकवाला सांगतो, आत वाट बघून कंटाळलो, वेळेत उत्तर आलं नाही. ५०२ म्हणजे तो सांगतो, आतून मला धड उत्तरच मिळालं नाही. यात तो स्वतः ठणठणीत असतो. निरोप्याला मारू नये म्हणतात, पण आम्ही पहिले दोन दिवस त्यालाच मारत होतो.

आमचा आवक-जावकवाला म्हणजे एन्जिनएक्स. इगोर सिसोएव्ह नावाच्या रशियन माणसानं २००४ साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं. एकाच यंत्रानं दहा हजार गिऱ्हाइकं एका वेळी कशी सांभाळायची, या त्या काळच्या कोड्याचं ते उत्तर होतं. (शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या माझ्या मित्राला वाटतं, की नावात इंजिन आहे म्हणजे ते ऑइल इंजिनासारखं कधीतरी ओव्हरहॉल करावं लागत असणार. मी त्याला खोडून काढत नाही.) बॅकएंड आमचं स्वतःचं, नोड जेएसमध्ये लिहिलेलं. गेल्या हंगामापर्यंत हे दोघं कारखान्याच्या संगणक विभागातल्या एकाच डब्यात शेजारी शेजारी राहायचे. यंदा दिवाळीच्या आधी आम्ही बॅकएंड उचलून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये नेलं आणि एन्जिनएक्स कारखान्यातच ठेवलं. मधे व्हीपीएनचा बोगदा. "गेल्या वर्षी असलं काही नव्हतं," असं तात्या प्रत्येक फोनवर म्हणायचे. आम्ही ते म्हातारी माणसं 'पूर्वी गूळ गोड होता' म्हणतात त्या हिशेबात धरलं.

*

एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये त्या पहाटेची ओळ होती. अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर फ्रॉम अपस्ट्रीम. मराठीत सांगायचं तर, मी उत्तराच्या पहिल्या ओळीची वाट बघत होतो आणि आतल्यानं मधेच फोन ठेवला. मागं जाऊन पाहिलं तर महिनाभरात अशा ओळी बऱ्याच. बॅकएंडच्या लॉगमध्ये मात्र त्या क्षणी काहीच नाही. चूक नाही, इशारा नाही, विनंती आल्याची नोंदसुद्धा नाही. आवक-जावकवाला म्हणतोय मी कागद आत दिला, आतला म्हणतोय मला मिळालाच नाही. कचेरीत असलं भांडण लागलं की शिपायावर येतं. आमचा शिपाई म्हणजे नेट.

नेटवर संशय घेणं सोयीचं असतं, कारण ते आपण लिहिलेलं नसतं. रात्रभर कारखान्यातून मुंबईला पिंग लावून ठेवला. सकाळी पाहिलं तर एक पॅकेट हरवलेलं नाही. जाऊन यायला २२ मिलिसेकंद, मीटर लावल्यासारखे. नेटवाल्याला त्याआधीच झापून झालं होतं, त्याला आता फोन करायला तोंड नव्हतं. मग संशय लोडवर. गर्दीच्या वेळी बॅकएंड गुदमरत असणार, म्हणून मुंबईचं यंत्र दुप्पट मोठं केलं. बिल वाढलं, ५०२ तेवढेच राहिले. मग कुणीतरी रोज संध्याकाळी बॅकएंड रीस्टार्ट करायची टूम काढली. त्यानं दोन दिवस बरं वाटलं. रीस्टार्ट हा आमच्या धंद्यातला अंगारा आहे. लावून वाईट होत नाही आणि बरं झालं तर त्याचंच नाव होतं.

शेवटी मी उठून काट्यावर गेलो. जानेवारीची रात्र. काट्याची केबिन म्हणजे आठ बाय दहाची खोली, एका भिंतीला सरकती काच, काचेपलीकडं लोखंडी प्लॅटफॉर्म. आत काट्याचं इंडिकेटर, संगणक, पावत्या काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, टोकनं स्कॅन करायची बंदूक. तात्या कानटोपी घालून बसलेले. मळीचा आणि ताज्या रसाचा मिसळलेला वास नाकात बसला की सकाळपर्यंत निघत नाही. बाहेर यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, चार-दोन बैलगाड्या. रात्री बारापर्यंत गाडीला गाडी लागलेली होती. भरलेल्यांचा काटा, रिकाम्यांचा काटा, गेटवरची टोकन खिडकी, तिन्हीकडं काम चालू. मी लाल पट्टीची वाट बघत होतो आणि पट्टी हिरवीच येत होती.

"आत्ता नाही यायचं ते," तात्या म्हणाले.

"का?"

"गर्दीत येत नाही ते. पहाटं एकटी गाडी असली, की मग येतंय. भुतागत."

मी हसलो. नंतर हसू गिळलं, कारण हे त्यांनी तिसऱ्याच फोनवर सांगितलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही ठेवलं नव्हतं. लॉग पुन्हा उघडला. बहुतेक सगळ्या ओळी पहाटे दोन ते सहामधल्या. लोडचा आलेख त्याच्या शेजारी ठेवला. लोड जिथं सगळ्यांत कमी, तिथं ५०२. यंत्र मोठं करून आम्ही बरोबर उलट्या दिशेनं धावलो होतो.

*

पुढच्या रात्री टीसीपीडम्प लावून बसलो. तारेवरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट ते वेळेसकट लिहून ठेवतं. लॉगमध्ये यंत्र आपली बाजू मांडतं, टीसीपीडम्प हा साक्षीदार आहे. कुणाची बाजू घेत नाही, फार बोलतो, आणि त्याचं बोलणं वाचायला डोळे लागतात.

ते वाचण्याआधी एक गोष्ट. दोन यंत्रांना बोलायचं तर आधी तीन पॅकेटांची ओळखपाळख होते: ऐकू येतंय का, हो येतंय, बरं मग बोलतो. कोल्हापूर-मुंबईला यात २२ मिलिसेकंद जातात. दर वेळी हे करण्यापेक्षा एकदा जोडलेली लाइन तशीच उघडी ठेवावी, पुढचं काम त्याच लाइनवर द्यावं, असं एचटीटीपी १.१ पासून रूढ झालं. आवक-जावकवाल्यानं आतल्या कारकुनाशी बोलून झाल्यावर इंटरकॉमचा रिसिव्हर न ठेवता टेबलावर आडवा ठेवावा, तसं. याला कीपअलाइव्ह म्हणतात. पण उघडी लाइन किती वेळ ठेवायची? कुणीच बोललं नाही तर कधीतरी ठेवली पाहिजे. एन्जिनएक्स आतल्या बाजूची रिकामी लाइन ६० सेकंद धरून ठेवतं. नोडला कुणी काही वेगळं सांगितलं नसेल तर त्याचा धीर ५ सेकंदांचा. २०१७ साली आलेल्या नोड ८ पासून हा आकडा आहे.

आता ती पहाट. ४ वाजून ४१ मिनिटांनी एक ट्रक काट्यावर चढला. यार्डात दुसरं काही हलत नव्हतं. टोकन स्कॅन झालं. ०४:४१:०२.११६ ला मुंबईहून शेतकऱ्याची माहिती आली. आकडे पळाले. लाल पट्टी. मी खुर्चीतून इतक्या आनंदानं उठलो, की तात्यांनी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं.

फाइल उघडली. शेवटच्या तीन ओळी अशा. ०७.११८ ला आमच्याकडून मुंबईला वजनाची विनंती निघाली. ०७.१२१ ला मुंबईहून एक फिन आलं, म्हणजे 'मी लाइन बंद करतोय' असा सभ्य निरोप. ०७.१४० ला मुंबईहून आरएसटी आलं, म्हणजे 'कोण बोलतंय, लाइन कधीच बंद झालीय' असा उद्धट निरोप. पहिल्या दोन ओळींत तीन मिलिसेकंदांचं अंतर.

बराच वेळ मी या तीन ओळींकडं बघत बसलो. आधी वाटलं, आमची विनंती मिळाल्यावर चिडून बॅकएंडनं लाइन तोडली. पण इथून मुंबईला एक पॅकेट पोचायलाच ११ मिलिसेकंद लागतात. ११८ ला निघालेली विनंती १२९ ला पोचणार, मग १२१ ला इथं येऊन पोचलेलं फिन हे तिचं उत्तर असूच शकत नाही. ते मुंबईहून ११० ला निघालेलं होतं. आमची विनंती निघण्याच्या आठ मिलिसेकंद आधी. दोघं वाटेत कुठंतरी, समजा साताऱ्याच्या आसपास, एकमेकांना ओलांडून गेले.

पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात ते कुणी माणूस उघडत नाही. पाणी ठरल्या रेषेवर गेलं, की सातातला एखादा आपोआप उठतो. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येऊन कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर दिसायला तास जातात. तेवढ्या वेळात बंधाऱ्यावरचा माणूस फूटपट्टी वाचून ३८ फूट सांगत असतो, इशारा पातळी ३९ ला अजून एक फूट बाकी म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याचा आकडा बरोबर आहे, फक्त वरच्या अंगाला दरवाजा उघडला हे अजून त्याच्यापर्यंत वाहून आलेलं नाही. एन्जिनएक्सनं लाइन तपासली तेव्हा ती त्याच्या बाजूनं उघडीच होती. बंद झाल्याची बातमी अजून वाटेत होती.

पाच सेकंद. माहिती आली ०२.११६ ला, विनंती निघाली ०७.११८ ला. काट्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन स्थिर व्हायला पाच सेकंद थांबायचं मीच ठरवलं होतं, हाताची बोटं पाच म्हणून, बाकी कारण नाही. आणि तिकडं नोडवाल्यांनी रिकामी लाइन पाच सेकंदांनी तोडायची असं ठरवलेलं. दोन्ही घड्याळं एकाच क्षणी, त्याच शेवटच्या उत्तरावर सुरू होत होती आणि एकाच क्षणी संपत होती. मुंबईचं घड्याळ नेमक्या वेळी वाजलं तर बंदचा निरोप विनंतीच्या एक-दोन मिलिसेकंद आधी पोचायचा, एन्जिनएक्स निमूट नवी लाइन जोडायचं, कुणाला काही कळायचं नाही. तिकडं बॅकएंड जरा दुसऱ्या कामात गुंतलं, घड्याळ तीन-चार मिलिसेकंद उशिरा वाजलं, की चुकामूक.

तात्यांचं भूतही सुटलं. गर्दीत तीन ठिकाणांहून विनंत्या येत राहायच्या, लाइन पाच सेकंद रिकामी राहायचीच नाही, नोडचं घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यावरून सुरू व्हायचं. पहाटे एकटी गाडी आली की तेवढीच शांतता मिळायची, बरोबर पाच सेकंदांची.

यात एक चिडवणारी गोष्ट नंतर दिसली. टीसीपीडम्पमध्ये बॅकएंडचं प्रत्येक उत्तर अक्षरात उलगडून पाहता येतं. प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर एक ओळ छापलेली होती: कीप-अलाइव्ह, टाइमआउट ५. नोड दर वेळी सांगत होतं, मी पाच सेकंद थांबेन. एन्जिनएक्स ती ओळ वाचून आपला धीर बदलत नाही. आम्हीही वाचली नव्हती.

*

सापडलं म्हणून सांगणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. ऑफिसात येऊन तीच मांडणी एका यंत्रावर केली आणि रात्रभर चालवली. एकदाही ५०२ नाही. साहजिक आहे. एकाच यंत्रात फिन पोचायला मिलिसेकंदाचा एक बारीक तुकडाही लागत नाही, चुकामूक व्हायला फटच उरत नाही. 'आमच्याकडं तर चालतंय' हे प्रोग्रामरचं वाक्य लोक टिंगलीत घेतात. ते बहुतेक वेळा खरंच असतं, आणि म्हणूनच कुचकामी.

आमच्या टीममध्ये एक वर्षापूर्वी लागलेली मुलगी आहे. ती म्हणाली, "सर, मुंबई इथंच आणू या." लिनक्समध्ये नेटएम नावाची सोय आहे, ती तारेवर खोटा उशीर लावते. तिनं दोन्ही बाजूंना अकरा-अकरा मिलिसेकंद लावले. स्क्रिप्ट लिहिली: माहिती मागव, उत्तर आलं की पाच सेकंद थांब, वजन पाठव, पुन्हा. अर्ध्या तासात पहिला ५०२ आला. थांबायचे पाच सेकंद बदलून सात केले, शून्य ५०२. तीन केले, शून्य. पाचला परत आणले, पुन्हा सुरू. अंतर आहे हे विसरणं किती सोपं, याची मला लाज वाटली. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्या हिशेबानं मुंबई दोन मिलिसेकंदांवर आहे. उरलेले नऊ वाटेतल्या राउटरांना आणि बोगद्याला द्यायचे. डबा उचलून मुंबईला नेला तेव्हा आम्ही वेग, बिल, बॅकअप सगळं मोजलं होतं. या अकरांचा विचार केला नव्हता.

मग दुसरा प्रश्न तिनंच काढला. माहिती मागवतानाही चुकामूक होऊ शकते, मग लाल पट्टी फक्त वजन पाठवतानाच का येते? त्याचं उत्तर एन्जिनएक्सच्या सावधपणात आहे. नुसती माहिती मागणारी विनंती जुन्या लाइनवर फसली तर ते गुपचूप नव्या लाइनवर पुन्हा पाठवतं. दोनदा विचारल्यानं काही बिघडत नाही. पण काही नोंदवणारी विनंती एकदा आत गेली, की ते दुसऱ्यांदा पाठवत नाही, कारण पहिली आत पोचली होती की नाही हे त्याला कळायला मार्ग नसतो. यूपीआयनं चहाचे पैसे देताना चक्र फिरत राहतं तेव्हा आपण असेच अडकतो. गेले असतील तर पुन्हा पाठवून दुप्पट जातील, गेले नसतील तर चहावाला बघतोय. वजन दोनदा नोंदलं तर एकाच गाडीच्या दोन पावत्या, आणि मग काटामारी उलट्या बाजूनं. एन्जिनएक्सला सांगून ही सावधगिरी काढता येते. ती काढायची नाही असं ठरवलं.

*

दुरुस्ती दोन ओळींची. त्यावर वाद मात्र दुपारभर चालला.

ती म्हणाली, एन्जिनएक्सचा धीर साठवरून चारवर आणू, बॅकएंडला हात लावायला नको. मी म्हणालो, मग पहाटे प्रत्येक गाडीला नवी लाइन, उघडी ठेवायची कशाला? बॅकएंडचा धीर पाचवरून पंच्याहत्तरवर नेऊ. दोन्ही बरोबर होतं, कारण मुद्दा आकड्यांचा नव्हता, क्रमाचा होता. आमच्या घरी काळा लँडलाइन होता तेव्हा आजीचा नियम असायचा, ज्यानं फोन केला त्यानं आधी ठेवायचा. ऐकणाऱ्यानं आधी ठेवला तर समोरच्याचं शेवटचं वाक्य हवेत जातं. इथं फोन नेहमी एन्जिनएक्स करतं, बॅकएंड कधीच आपणहून बोलत नाही. एन्जिनएक्सनं लाइन ठेवली तर ते स्वतःच ठेवलेल्या लाइनवर बोलायला जाणार नाही. बॅकएंडनं आधी ठेवली तर ती बातमी पोचेपर्यंत एन्जिनएक्स बोलू शकतं. यात नवं काही नाही. १९९९ साली निघालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमपत्रात, आरएफसी २६१६ मध्ये, हे स्वच्छ लिहून ठेवलंय: एका टोकाला लाइन रिकामी वाटते तेव्हाच दुसऱ्या टोकाची विनंती निघालेली असू शकते. आम्ही ते ऊस कापून झाल्यावर वाचलं.

पंच्याहत्तर ठरले. नोडमध्ये हेडरची वाट बघण्याचा आणखी एक आकडा असतो, तो या पंच्याहत्तरच्या वर ठेवला. हे न केल्यानं काही जुन्या आवृत्त्यांत लाइन भलत्याच घड्याळानं तुटायची. स्क्रिप्ट दोन दिवस चालवली. एकही ५०२ नाही.

पण मला विचाराल तर ही दुरुस्ती दुय्यम. तारा तुटायच्याच. उद्या उंदीर वायर कुरतडेल, परवा मुंबईचं यंत्र बंद पडेल. खरी चूक त्या बटणात होती. वजन पोचलं नाही म्हणून आम्ही माणसाला वजन पुन्हा करायला लावत होतो. एकदा स्थिर झालेलं २४,७८० हे गाडीचं वजन झालं, ते पोचवायला दहा वेळा लागोत. आता पडद्यावर 'पुन्हा पाठवा' असं बटण आहे आणि ते पहिलंच वजन पाठवतं. वजन खरंच नव्यानं घ्यायचं तर कारण लिहावं लागतं आणि ते शेती खात्याला दिसतं. प्रत्येक खेपेचं टोकन वेगळं, त्यामुळं एकच वजन दोनदा पोचलं तर बॅकएंड दुसरं नाकारतं. त्या शेतकऱ्याच्या पावतीला दुरुस्ती जोडली गेली. काट्याच्या संगणकात पहिलं वजन वेळेसकट राहिलं होतं, म्हणून निभावलं. तो पावती घ्यायला आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं कागद दोनदा वाचला, चौकोनी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि गेला. काही बोलला नाही.

फेब्रुवारीत एका पहाटे मी पुन्हा काट्यावर जाऊन बसलो. काम काही नव्हतं, विश्वास बसत नव्हता. साडेचारला बैलगाडी चढली. यार्ड सामसूम. टोकन, नाव, पाच, चार, तीन, दोन, एक. हिरवी पट्टी. प्रिंटर करकरला. तात्यांचं बोट मात्र आधीच निघालं होतं, दोन महिन्यांच्या सवयीनं. त्यांनी 'पुन्हा पाठवा' दाबलं.

पिवळी पट्टी आली. या टोकनचं वजन आधीच नोंदलेलं आहे.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती नीट वाचली. "हे नवीनच आलंय," ते म्हणाले. "आता हे का येतंय?"